दुपारचं बाकडं

मुरुमला डॉक्टर वाघमाऱ्यांच्या दवाखान्यात दुपारी येणारा माणूस आजारी नसायचा. सकाळ आजाऱ्यांची आणि दुपार बऱ्या झालेल्यांची, अशी वाटणीच होती. माझं औषधांचं दुकान दवाखान्याला भिंतीला भिंत लावून, आणि दोन्हींच्या मध्ये एक लाकडी बाकडं. जेवणं उरकली की त्या बाकड्यावर माणसं येऊन बसायची. कुणाच्या पिशवीत हुरडा, कुणाच्या पदरात बोरं आणि सगळ्यांच्या खिशात डॉक्टरांची फी. कारण डॉक्टर पहिल्या खेपेला पैसे घेतच नसत. तपासायचे, चिठ्ठी लिहायचे आणि म्हणायचे, "गुण आला की द्या."

मी नवीन दुकान टाकलं तेव्हा ही रीत बघून मला वाटलं होतं, हा माणूस लवकरच गाशा गुंडाळणार. मी बसू, व्यापाऱ्याच्या घरातला. आमच्याकडं आधी दाम, मग काम. एकदा न राहवून मी त्यांना तसं बोललोही. ते हसले.

"बसू, वैद्याचं देणं ठेवून घेतलं तर आजार फिरून घरात येतो, असं ह्या मुलखात शेंबडं पोरगं पन मानतं. तुझी उधारी बुडती. माझी न्हाय बुडत."

खरंच बुडत नव्हती. माझ्या दुकानासमोरून मान खाली घालून जाणारी गिऱ्हाइकं दवाखान्याची पायरी मात्र ताठ मानेनं चढायची. माझा जळफळाट व्हायचा. पण मीही डॉक्टरांची फी कधी ठेवून घेतली नाही. उगाच कशाला विषाची परीक्षा!

त्या रितीमागची खरी मेख कळायला मला बराच काळ लागला. माणूस पैसे द्यायला आला की डॉक्टर त्याला "बसा" म्हणायचे. मग बोलता बोलता जीभ बघायची, डोळ्याची खालची पापणी ओढायची, पोट चाचपायचं. नख दाबून सोडायचं आणि त्यात रक्त किती लवकर परत येतं ते बघायचं. फी घेता घेता दुसऱ्यांदा तपासणी व्हायची आणि त्या माणसाला पत्ताही नसायचा.

"नुसतं 'परवा दाखवायला या' म्हनलं तर कोन येतंय रं? एक रोज मोडून? पैसे द्यायला येतो मानूस. बरं झालो म्हनून सांगायला येत न्हाय."

आणि जो पैसे द्यायलाही आला नाही, त्याचा अर्थ डॉक्टरांच्या लेखी एकच होता. तो बरा झालेला नाही. बाजाराच्या दिवशी ते त्याच्या गावचा कुणी दिसला की विचारायचे, आणि उत्तर गुळमुळीत आलं की स्कूटर काढायचे.

डॉक्टर मूळचे ईट गावाकडचे. तिकडच्या बौद्धवाड्यातून शिकून वर आलेले, भिंतीवर बुद्धांची तसबीर. मुरुमला आले तेव्हा इथल्या काही घरांनी त्यांच्यापुढं मनगट धरायला बरेच दिवस घेतले. त्याचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. आमच्या घरानंही घेतले. पुढं एका पावसाळ्यात घरोघरी माणसं तापानं फणफणली आणि तीच घरं रांगेत उभी राहिली. डॉक्टर त्यावर एवढंच म्हणायचे, "तापाला जात कळत न्हाय, म्हनून माझं बरं चाललंय." हे हसत म्हणायचे, पण दरवेळी हसू डोळ्यापर्यंत पोचायचंच असं नाही.

त्यांना कानडीचा गंध नव्हता आणि इथं सीमेपलीकडून येणारे निम्मे पेशंट कानडी बोलणारे. डॉक्टर पेशंटकडूनच कानडी शिकले. "मानूस ज्या भाषेत कन्हतो, त्याच भाषेत त्याला इचारावं," हे त्यांचं म्हणणं. "एन आग्यदव्वा?" म्हणजे "काय झालंय, अव्वा?" असं ते इतक्या बेढब सुरात विचारायचे की म्हातारी तापातही पदर तोंडाला लावायची. नळीनं छाती ऐकायची असली की ते आधी पंखा बंद करायचे. पंखा थांबला की बाहेरची रांग आपोआप गप्प व्हायची आणि मी दुकानातला टीव्ही बारीक करायचो.

सुई मात्र उगाच टोचायचे नाहीत. एकदा आळंगेकडचा एक म्हातारा हटून बसला, सुई घेतल्याबिगर उठणार नाही. डॉक्टरांनी त्याला गोळी दिली आणि बाकड्यावर बसवून ठेवलं. तासाभरानं घाम फुटून म्हातारा मोकळा झाला. डॉक्टर सिरिंज घेऊन बाहेर आले. "आता सांगा आजोबा, कुठं टोचू?" म्हातारा म्हणाला, "आता कामून?" आणि चालू लागला. पुढच्या बाजाराला फी आणि वर ज्वारीची पिशवी घेऊन हजर.

रिक्षावाल्या महेबूबची गोष्ट तर गावात चेष्टेचा विषय झाली होती. ताप उतरला म्हणून गडी शीळ घालत पैसे द्यायला आला. डॉक्टरांनी नख दाबलं, पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "इथं दुखतंय?" तो म्हणाला, "थोडंसं. चलता है साहब." डॉक्टरांनी त्याला घरी जाऊच दिलं नाही. त्याच्याच रिक्षात, दुसऱ्याला चालवायला बसवून, उमरग्याला आणि तिथून सोलापूरला. फी द्यायला गेला आणि सोलापूरला पोचला, म्हणून लोक हसायचे. महेबूब परत आला तो निम्मा होऊन. हसणाऱ्यांना तो सांगायचा, "एक रात और घर पे रहता तो मिट्टी हो जाती."

"डेंगीचं असंच असतं, बसू," डॉक्टर मला म्हणाले. "ताप चढलेला असतो तवर घरचे घाबरून असतेत. उतरला की भाकर मागतो, मग सगळे निवांत. आन् खरा धोका तिथनं म्होरं."

आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. त्यामुळं घरोघरी पिंपं, टाक्या, रांजण भरलेले, आणि पावसाळा सरला की त्यात डास. डॉक्टर प्रत्येक बाईला औषधाआधी विचारायचे, "पिंपाला झाकन हाय का?" गावानं त्यावरूनही त्यांची टिंगल केली.

असं सगळं चाललेलं असताना नगरपालिकेची निवडणूक लागली.

एका बाजूला आण्णा, आडतीवाले, पिढीजात सत्ता असलेले. दुसऱ्या बाजूला बापू, वयानं लहान, आवाजानं मोठे. एरवी निवडणूक रस्ता, गटार आणि जात यांवर व्हायची. या खेपेला ती डॉक्टरच्या फीवर आली. बापूंनी बाजारतळावरच्या सभेत पहिला बार उडवला. "साधा ताप दाखवायचा तर बाईचा रोज जातो! दारातच पाटी, फी आगाऊ भरावी! गरिबानं आजारी पडायचं का न्हाय?" टाळ्या पडल्या. बोलणं खरंच होतं. बसस्टँडजवळच्या नव्या दवाखान्यात तशी पाटी होती, आणि मजुरी करणाऱ्या बाया ताप अंगावर काढायच्या हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? माझ्याकडून एक गोळी मागून नेणारी बाई मी रोज बघत होतो.

आण्णांनी आठ दिवसांत पिवळं कार्ड काढलं. कार्ड दाखवा, फुकट तपासून घ्या, डॉक्टरची फी महिन्याअखेर आण्णांची संस्था भरणार. बापू गरजले, आम्ही निवडून आलो तर डॉक्टर घरी पाठवू. माझ्या काउंटरवर रोज खडाजंगी. "पैसे कुनाच्या बापाचे?" "तुज्या बापूच्या तर न्हायत!" औषध घ्यायला आलेला माणूस औषध विसरून भांडायचा.

नवा दवाखाना कार्डाला तयार झाला नाही. मग आण्णा स्वतः वाघमाऱ्यांकडं आले. मी मध्ये तोंड घातलं आणि सांगितलं, डॉक्टरसाहेब, यात पडू नका, राजकारणाच्या घाणीत हात घातला की वास आपल्यालाच.  डॉक्टर म्हणाले, "बापू बोलतोय ते खोटं न्हाय, बसू. माझी गुन आल्यावरची फी पन फीच हाय. तिच्या धाकानं सासू सुनेला धाडत न्हाय. कार्डानं ती सून येत असंल तर येऊ दे."

त्यांनी होकार दिला. आणि सुना आल्या. पहिल्या आठवड्यात तर डॉक्टरांचा चेहरा उजळून निघाला होता. कधी दवाखाना न बघितलेल्या बाया, जुने खोकले, लपवलेली दुखणी. रांग रस्त्यावर गेली. "बघ, कोन कोन आजारी हाय ह्या गावात, आपल्याला ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले.

दुपारचं बाकडं मात्र रिकामं पडलं.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका दुपारी डॉक्टर दारात आले, रिकाम्या बाकड्याकडं बघत उभे राहिले आणि मला विचारलं, "दुपारचं कोन आलं का रं?" मी म्हणालो, कोण येणार, पैसे तर आण्णा भरतायत.  दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही. सकाळी ते कार्डवाल्या प्रत्येकाला बजावायचे, ताप उतरला की दाखवून जा, फुकट हाय, पन या. लोक माना डोलवायचे. येत कुणीच नव्हतं. बरं वाटत असताना रोज मोडून कोण येणार? आणि जे येत नव्हते त्यांत बरा कोण आणि पडलेला कोण, हे आता डॉक्टरांना कळायला मार्गच नव्हता. आधी न येणारा एखादा असायचा. आता सगळं गावच येत नव्हतं.

दसरा जवळ आला. वारा पडला, पिंपं भरलेली, आणि सकाळच्या रांगेत अंग मोडून आलेली माणसं वाढत चालली. मला त्या दिवसांत दुकानात बसवत नव्हतं. डॉक्टर आत वाकून तपासतायत, बाहेर रिक्षातून आण्णांचा भोंगा कार्डाचं गुणगान गातोय, आणि दुपार झाली की सगळं चिडीचूप. त्या चिडीचूपची मला भीती वाटायची. डॉक्टरांना माझ्याहून जास्त वाटत असणार.

शेवटी दुपारी ते स्वतःच निघायला लागले. स्कूटर काढायची आणि सकाळी आलेल्यांची घरं शोधत हिंडायचं. "काय म्हंतीया तब्येत?" नख दाबायचं, पोट बघायचं, पुढचं घर. माणूस साठी ओलांडलेला. मी म्हणालो, झेपणार नाही तुम्हाला. ते म्हणाले, "त्ये येत न्हायत, मग मीच जानार."

आणि इथं गावानं आपली अक्कल पाजळली. निवडणुकीच्या दिवसांत डॉक्टर घरोघरी जातोय, म्हणजे आण्णांचा प्रचार करतोय! बापूंच्या माणसांनी हे एकदा ठरवलं की ठरवलं. उलट आण्णांची माणसं विचारायला आली, डॉक्टर बापूंच्या गल्लीत कामून जातेत? जायचंच असेल तर स्कूटरला आपला झेंडा लावा. डॉक्टरांनी झेंडा माझ्या काउंटरवर ठेवला आणि निघून गेले.

नाल्याकडची गल्ली बापूंची. तिथं नीलव्वा राहायची. कडक भाकरी करून बाजारात विकायची, नवरा मागंच गेलेला, पदरी एक लेक. आजवर बरी झाली की ती डॉक्टरांची फी आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन यायची आणि बाकड्यावर बसून तासभर डॉक्टरांचे कानडी उच्चार सुधारायची. या खेपेला ती कार्ड घेऊन सकाळच्या गर्दीत आली, भर तापात. नंतर आली नाही.

डॉक्टर गेले तर गल्लीच्या तोंडालाच पोरांनी अडवलं. मला डॉक्टरांनीच येऊन सांगितलं, खाली मान घालून. "म्हनले, डॉक्टरसाहेब, आदर हाय तुमचा, पन निवडनूक होईस्तोवर ह्या गल्लीत न्हाय. मी म्हनलं, पेशंट बघायचाय. म्हनले, समदेच असं म्हंतेत."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाण्याच्या टँकरवाल्याकडून निरोप आणवला. तो मोठ्या खुशीत सांगत आला, "काळजी सोडा. नीलव्वाचा ताप उतरलाय. भाकरी थापाय बसलीया."

माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर मात्र पेशंटच्या पाठीवरची नळी काढून उठले.

"कधी उतरला?"

"काल म्हनं."

ते रांग तशीच टाकून निघाले. या खेपेला त्यांनी पोरांना विचारलं नाही, स्कूटर गल्लीत घातली. पोरं मागं पळाली, ओरडली, पण आडवं यायचं धाडस कुणाला झालं नाही. नीलव्वा चुलीपुढं बसलेली होती. हात पीठभरले आणि थंडगार. डॉक्टरांना बघून ती कानडीत म्हणाली, बरी हाय मी, पोटात तेवढं दुखतंय. जीप मिळाली, तिची लेक आणि डॉक्टर मागं बसले. नळदुर्ग ओलांडून थोडं पुढं गेल्यावर, ढाब्यांच्या रांगेत, नीलव्वा गेली.

ती मेली आणि निवडणुकीला नवं तोंड फुटलं. बापू म्हणाले, कार्डानं बळी घेतला. आण्णा म्हणाले, गल्लीत अडवणाऱ्यांनी घेतला. दोघांनाही डॉक्टर स्टेजवर हवे होते. मला वाटलं, जाणार नाहीत. ते दोन्हीकडं गेले. दोन्ही स्टेजवर माईक हातात घेऊन तेच बोलले. "पिंपाला झाकन घाला. आन् ताप उतरला की दाखवायला या. उतरला की या." पुढं काही बोलायच्या आत एका ठिकाणी आण्णांनी माईक घेतला, दुसऱ्या ठिकाणी बापूंनी. टाळ्या मात्र दोन्हीकडं दणदणीत झाल्या. बाकडं रिकामंच राहिलं. मला त्या दिवशी माझ्या गावाची किळस आली.

डॉक्टरांची वणवण थांबली नाही. नाल्याकडची गल्ली आता मोकळी होती, तिथं ते रोज जायचे, भर डासांत. मग एका सकाळी ते तपासताना स्वेटर घालून बसलेले दिसले. मी विचारलं तर म्हणाले, कणकण हाय. दुसऱ्या दिवशी डोळे लाल. मी म्हणालो, रांग परत पाठवतो. ते रागावले. माझ्यावर ते रागावल्याचं मला दुसरं आठवत नाही. तिसऱ्या चौथ्या दिवशी स्वेटर नव्हता. मी खुश होऊन म्हणालो, "उतरला वाटतं ताप!"

डॉक्टर टेबलाखाली स्वतःचंच नख दाबून बघत होते.

"व्हय," ते म्हणाले. "उतरला."

आवाज इतका साधा होता की मला समजायला क्षणभर लागला.  मी जीप बोलावली. ते आधी उमरग्याला, मग सोलापूरला गेले आणि परत आले नाहीत. पेशी भरल्या, बाटल्या लावल्या, काही उपयोग झाला नाही. निवडणूक कोण जिंकलं ते सांगण्यात अर्थ नाही. कार्ड आता दोघांचंही आहे, रंग तेवढे वेगळे.

मला मात्र ती जीपच आठवते. डॉक्टर पुढच्या सीटवर बसलेले, चेहरा राखेसारखा, आणि बाहेर रांगेत कुरबुर सुरू, आमचा नंबर कधी लागायचा? जीप सुरू झाली तशी एक तरणी बाई रांग सोडून धावत आली आणि तिनं काखेतलं लेकरू खिडकीतून थेट डॉक्टरांच्या मांडीवर ठेवलं. मी ओरडलो तिच्यावर. डॉक्टरांनी हातानं मला थांबवलं आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. सगळी रांग गप्प झाली. त्यांनी लेकराच्या छातीला कान लावला, कारण नळी आत टेबलावरच राहिली होती. बराच वेळ ऐकलं. मग मला औषधाचं नाव सांगितलं, लेकरू तिच्याकडं दिलं आणि म्हणाले, "ताप उतरला की ह्याला घेऊन यायचं. बरं दिसलं तरी यायचं."

"येते की," ती म्हणाली. "तुमी असताल न्हवं?"

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं.

"तुमी या," ते म्हणाले.